चालणे हवेच, पण पोटरीला वजनही हवे

व्यायामशाळेत सोमवार हा बहुतेकांचा छातीचा वार असतो. मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, मग दंड आणि शनिवारी जमलेच तर पाय. त्या पायांच्या दिवशीही मांड्यांचे व्यायाम आटोपले, की घड्याळाकडे पाहत उरलेली पाच मिनिटे पोटऱ्यांच्या वाट्याला येतात. पंधरा-वीस वेळा टाचा भराभर वर-खाली करायच्या आणि घरी जायचे. वर्षभराने छाती-दंडांत फरक दिसतो, पोटऱ्या मात्र होत्या तशाच राहतात. मग ‘पोटऱ्या जन्मतःच मिळाव्या लागतात’ असे म्हणून विषय संपवला जातो. दुसरीकडे, व्यायामशाळेची पायरीही न चढणारा मोठा वर्ग आहे. रोज सकाळी पाऊण तास चालतो, म्हणजे पायांचे काम झाले, अशी त्याची खात्री असते. दोन्ही समजुतींत थोडे तथ्य आहे आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. पोटरी वाढवता येते. मात्र ती नुसत्या चालण्याने फारशी वाढत नाही आणि उतारवयात नुसत्या चालण्याने पुरेशी टिकतही नाही.

हाफ पँटमध्ये पाय कसे दिसतात, एवढाच प्रश्न असता तर त्याची चर्चा व्यायामशाळेच्या आरशासमोरच संपली असती. पण साठी-सत्तरी उलटल्यावर माणूस घराबाहेर पडू शकेल का, सिग्नल बदलण्याआधी रस्त्यापलीकडे पोहोचेल का, एसटीच्या पायरीवर तोल गेला तर सावरेल का, या प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी गुडघ्याखालच्या या स्नायूंपाशी आहेत. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साठीपुढच्या लोकांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होते. आता ते वाढतच जाणार आहे. हृदय, साखर, रक्तदाब यांची काळजी घेऊन आयुष्य वाढवलेल्या पिढीला त्या वाढलेल्या वर्षांत चालता-फिरता यायला हवे, ही साधी अपेक्षा आहे. ती पूर्ण होण्यासाठी लागणारा व्यायाम अगदी स्वस्त आहे. तरीही तो सांगितला जात नाही आणि केलाही जात नाही.

एक पोटरी, दोन स्नायू

पोटरीला फुगीर आकार देणाऱ्या स्नायूचे नाव गॅस्ट्रोक्नेमिअस. त्याचे दोन भाग मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, म्हणजे गुडघ्याच्या वर, जोडलेले असतात. त्याच्या खाली, बाहेरून फारसा न दिसणारा रुंद आणि चपटा स्नायू म्हणजे सोलिअस. हा गुडघ्याच्या खालून, नडगीच्या आणि तिच्या शेजारच्या बारीक हाडापासून सुरू होतो. दोघेही खाली एकाच जाड कंडरेत मिळतात आणि ती कंडरा टाचेच्या हाडाला घट्ट चिकटते. वैद्यकात तिला अकिलिस कंडरा म्हणतात, जुन्या बोलीत घोडशीर. शरीरातील ही सर्वांत जाड आणि भक्कम कंडरा.

या रचनेतील एक बारकावा व्यायामाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. गॅस्ट्रोक्नेमिअस गुडघा आणि घोटा हे दोन्ही सांधे ओलांडतो, तर सोलिअस फक्त घोटा. त्यामुळे गुडघा सरळ असताना टाच उचलली तर दोन्ही स्नायू कामाला लागतात. गुडघा वाकवून, म्हणजे बसून टाच उचलली तर वरचा स्नायू सैल पडतो आणि बहुतेक भार सोलिअसवर येतो. दोघांचा स्वभावही वेगळा आहे. सोलिअसमध्ये सावकाश आकुंचन पावणाऱ्या, न थकता तासन् तास काम करणाऱ्या तंतूंचे प्रमाण खूप जास्त, सुमारे ८० टक्क्यांपर्यंत असते. माणूस उभा असतो तेव्हा शरीर पुढे झुकून पडू नये म्हणून हाच स्नायू सतत थोडा ताणलेला असतो. गॅस्ट्रोक्नेमिअसमध्ये सावकाश आणि जलद तंतू साधारण निम्मे-निम्मे असतात. उडी मारणे, धावणे, झटकन पाऊल उचलणे अशा जोरकस कामांत त्याचा वाटा मोठा असतो.

पोटऱ्या सहजासहजी वाढत नाहीत, या तक्रारीचे मूळही इथेच सापडते. जो स्नायू दिवसभर शरीराचे वजन पेलतो, त्याला हातात दोन किलोचे डंबेल घेऊन दहा वेळा टाचा उचलल्याने काही नवे घडले आहे, असे वाटतच नाही. त्यात सोलिअससारखा सावकाश तंतूंचा स्नायू व्यायामाला प्रतिसाद देऊन आकाराने वाढण्यात तुलनेने मंदच असतो. शरीराच्या ठेवणीचाही वाटा आहे. कुणाच्या पोटरीचा मांसल भाग खाली घोट्याकडे उतरलेला असतो, तर कुणाचा वरच संपून खाली लांब कंडरा असते. ही ठेवण बदलता येत नाही. मात्र जो काही स्नायू वाट्याला आला आहे, तो मोठा आणि बळकट करता येतो. अर्नोल्ड श्वार्झनेगर यांच्यासारख्या शरीरसौष्ठवपटूच्याही पोटऱ्या सुरुवातीला मागे पडलेल्या होत्या. त्या सतत डोळ्यांसमोर राहाव्यात म्हणून आपण विजारीचे पाय कापून टाकले, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे. पुढे त्याच पोटऱ्या त्यांची ओळख बनल्या. त्यांच्याइतकी मेहनत सर्वांना जमणार नाही आणि तिची सर्वांना गरजही नाही. पण पोटरी पुरेसे ओझे मागते, हा धडा सर्वांनाच लागू आहे.

पाऊल पुढे टाकणारी ताकद

चालताना मागचा पाय जमिनीवरून सुटतो त्या क्षणी शरीराला पुढे ढकलणारा मोठा रेटा घोट्यातून, म्हणजेच पोटरीतून येतो. धावताना तर या स्नायूंवर आणि कंडरेवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण येतो. वय वाढते तसा हा रेटा सर्वांत आधी कमी होऊ लागतो. मग शरीर खुब्याच्या स्नायूंवर अधिक भार टाकून चालते, पावले आखूड होतात, वेग मंदावतो, चवडा नीट उचलला न गेल्याने फरशीच्या कडेला ठेच लागते. घरातील माणसे म्हणतात, ‘आजोबा हल्ली पाय ओढत चालतात.’ तो वयाचाच दोष मानून सोडून दिला जातो. प्रत्यक्षात त्यात स्नायूंच्या क्षयाचा, म्हणजे भरून काढता येण्याजोग्या तुटीचा, बराच भाग असतो.

पोटरीचे दुसरे काम रक्ताभिसरणाचे. पायांतील रक्त गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध हृदयाकडे न्यायचे असते. पोटरीचे स्नायू आकुंचन पावले, की त्यांच्यामधल्या खोल शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. शिरांतील झडपा ते खाली परतू देत नाहीत. पोटरीला ‘दुसरे हृदय’ म्हणतात ते यामुळेच. निश्चल उभ्या असलेल्या प्रौढ माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेतील दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आसपास असतो. झडपा निरोगी असतील तर चालायला लागताच काही पावलांत तो ३०पर्यंत खाली येतो. दिवसभर उभे राहणारे दुकानातील विक्रेते, वाहतूक पोलीस, शिक्षक, सुरक्षारक्षक यांचे पाय संध्याकाळी का भरून येतात, याचे उत्तर या आकड्यांत आहे. ते उभे असतात, पण त्यांच्या पोटऱ्या पुरेशा हलत नाहीत. झडपा एकदा बिघडल्या, की व्यायामाने त्या दुरुस्त होत नाहीत. तरीही दर अर्ध्या तासाने वीस-पंचवीस वेळा टाचा उचलल्या तर साचलेले रक्त वर सरकायला मदत होते.

वापर थांबला तर हे स्नायू किती वेगाने झडतात, याचा सर्वांत बोलका पुरावा अंतराळातून आला. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात सुमारे सहा महिने राहिलेल्या नऊ अंतराळवीरांची तपासणी २००९मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या पोटरीचे आकारमान सरासरी १३ टक्क्यांनी आणि कमाल शक्ती तब्बल ३२ टक्क्यांनी घटली होती. ही माणसे स्थानकात आळसावून बसली नव्हती. धावपट्टी, सायकल आणि ताकदीचे उपकरण अशी सर्व साधने ती वापरत होती. कमी पडत होते ते ओझे. नंतर स्थानकात जास्त ताण देणारे ताकदीचे उपकरण बसवले गेले आणि जड वजनाच्या व्यायामावर भर वाढला. पृथ्वीवर अंथरुणाला खिळलेला रुग्ण, प्लास्टरमधला पाय आणि दिवसभर खुर्चीत बसून काढलेली वर्षे यांच्या बाबतीत हेच घडते, फक्त वेग वेगळा असतो. आकारापेक्षा ताकद जास्त आणि आधी जाते, हा यातील लक्षात ठेवण्याजोगा भाग. पाय बाहेरून ठीक दिसतो आणि तरीही तो वेळेला साथ देत नाही.

वाढवायची कशी?

पहिला नियम असा, की मुख्य व्यायाम उभ्याने करावा. जपानमधील संशोधकांनी २०२३मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत स्पष्ट आहे. पूर्वी व्यायाम न केलेल्या १४ प्रौढांनी बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा, एका पायाने उभ्याने आणि दुसऱ्या पायाने बसून टाच उचलण्याचा व्यायाम यंत्रावर केला. उभ्याने व्यायाम केलेल्या पायात गॅस्ट्रोक्नेमिअसचा बाहेरचा भाग सरासरी १२.४ टक्के आणि आतला भाग ९.२ टक्के वाढला. बसून केलेल्या पायात हीच वाढ अनुक्रमे १.७ आणि ०.६ टक्के, म्हणजे जवळपास नगण्य होती. सोलिअस दोन्ही पायांत थोडासा आणि साधारण सारखाच वाढला. म्हणजे उभ्याने केलेल्या व्यायामात दोन्ही स्नायूंचा लाभ होतो. बसून करण्याचा व्यायाम पूरक म्हणून चांगला आहे. ज्यांना उभे राहणे कठीण आहे त्यांच्यासाठी तर तोच सुरुवातीचा मार्ग. पण पोटरी भरण्यासाठी त्याच्यावरच विसंबून चालणार नाही.

दुसरा नियम, टाच पूर्ण खाली जाऊ द्यावी. सपाट जमिनीवर टाचा उचलल्या तर स्नायू अर्ध्याच पल्ल्यात काम करतो. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा पायरीच्या पातळीखाली नेल्या, की स्नायू ताणला जातो. ब्राझीलमध्ये तरुण स्त्रियांवर आठ आठवडे झालेल्या एका अभ्यासात ताणलेल्या अवस्थेतील खालच्या टप्प्यात व्यायाम करणाऱ्या गटाची पोटरी, केवळ वरच्या टप्प्यात व्यायाम करणाऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे जास्त वाढली. व्यायामशाळेत मोठे वजन लादून टाचा इंचभर उडवणारे तरुण नेमका हाच खालचा, जास्त फलदायी भाग गाळतात. शिवाय वेगाने उड्या घेतल्यावर घोडशीर स्प्रिंगसारखी ताणून परत येते आणि स्नायूच्या वाट्याचे काम ती करून टाकते. म्हणून दोन अंक मोजत वर जावे, वर क्षणभर थांबावे, तीन अंक मोजत खाली यावे आणि खाली पुन्हा क्षणभर थांबावे. असे केल्यावर पूर्वी सहज पंचवीस वेळा होणारा व्यायाम बारावर येऊन थांबतो. तेच त्याचे खरे मोल.

तिसरा नियम, ओझे वाढत गेले पाहिजे. दोन्ही पायांनी १५ वेळा नीट जमू लागले, की दोन्ही पायांनी वर जाऊन एका पायाने खाली यावे. तेही सोपे झाले, की एकाच पायाने करावे. पुढे पाठीवरच्या पिशवीत पुस्तके किंवा पाच किलो तांदूळ ठेवावेत. घरात यंत्र नाही म्हणून काही अडत नाही. एक पायरी आणि धरायला कठडा एवढे पुरते. आठवड्यातून दोन ते तीन दिवस, दर वेळी तीन ते चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत ८ ते १५ वेळा, शेवटच्या दोन-तीन वेळा खरोखर कष्ट पडतील इतके ओझे आणि दोन फेऱ्यांमध्ये दीड-दोन मिनिटांची विश्रांती, हा बहुतेकांना पुरेसा आराखडा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांतही प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस प्रमुख स्नायूंचे ताकदीचे व्यायाम करावेत असे म्हटले आहे. ६५ वर्षांपुढील लोकांसाठी तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस सुचवले आहेत. चालण्याचे १५० मिनिटे याच्या जोडीला आहेत, याच्याऐवजी नाहीत.

तालमीतल्या बैठकांचे काय, असा प्रश्न इथे येईल. बैठकांत खाली जाताना टाचा उचलल्या जातात, त्यामुळे पोटरीला काही काम मिळते, पण मुख्य भार मांड्यांवरच राहतो. दोरीवरच्या उड्या, खो-खो, गड चढणे यांनी पोटरीची चपळाई आणि दम वाढतो. हे सर्व चालू ठेवावे आणि त्यात आठवड्यातून दोनदा सावकाश, ओझ्याचे काम जोडावे.

चौथा नियम संयमाचा. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतू स्नायूंना जास्त चांगले कामाला लावू लागतात म्हणून. आकारातला फरक मोजपट्टीवर दिसायला साधारण दोन-तीन महिने लागतात. कंडरा स्नायूपेक्षाही सावकाश बळकट होते. त्यामुळे महिन्याभरात ओझे दुप्पट करण्याची घाई नेमकी घोडशिरेवर निघते. आहारात प्रथिने पुरेशी नसतील तर ओझ्याचा उपयोग कमी होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढांना दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. नियमित वजनाचे व्यायाम करणाऱ्यांना याहून जास्त उपयोगी पडतात. मात्र १.६ ग्रॅमच्या पुढे सरासरीने विशेष लाभ दिसत नाही. वरण, उसळी, शेंगदाणे, दूध-दही, अंडी, मासे यांतून हे साधता येते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.

बसल्या जागी चमत्कार?

गेल्या काही वर्षांत मोबाइलवर एक चित्रफीत फिरत असते. खुर्चीत बसून टाचा उचला आणि मधुमेह पळवा, असा तिचा दावा असतो. तिच्या मुळाशी अमेरिकेतील ह्यूस्टन विद्यापीठाचे २०२२चे संशोधन आहे. बसल्या बसल्या सोलिअसचे विशिष्ट प्रकारे सतत आकुंचन केल्यास जेवणानंतर, म्हणजे प्रयोगात ग्लुकोजचे पेय दिल्यानंतर, रक्तातील साखरेची चढण जवळपास निम्म्याने कमी झाल्याचे त्यात आढळले. निष्कर्ष लक्षवेधी आहे यात शंका नाही. पण चित्रफितीत न सांगितलेल्या गोष्टीही महत्त्वाच्या आहेत. सहभागी मोजकेच होते, त्यांची हालचाल प्रयोगशाळेत उपकरणे लावून बरोबर करून घेतली होती आणि ती दिवसात साडेचार तासांच्या आसपास चालू होती. दोन मिनिटे टाचा हलवून तो परिणाम मिळेल असे त्या संशोधकांनीही म्हटलेले नाही. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांच्यापर्यंत अर्धवट माहिती पोहोचली, तर एखादा गोळ्याच बंद करून टाचा हलवत बसेल, हा धोका खरा आहे. कार्यालयात बसल्या जागी टाचा जरूर हलवाव्यात. पण ते औषधाला पर्याय नाही आणि वजनाच्या व्यायामालाही नाही.

दुखणे कोणते चालेल, कोणते नाही

पोटरीचा व्यायाम केवळ निरोगी पायांसाठी नाही. घोडशीर सतत दुखणाऱ्यांना पूर्वी विश्रांती घ्या, एवढाच सल्ला मिळे. १९९८मध्ये स्वीडनचे अस्थिशल्यविशारद हाकान आल्फ्रेडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ हौशी धावपटूंना उलटाच उपाय दिला. पायरीवर उभे राहून दुखऱ्या पायावर भार देत टाच सावकाश खाली सोडायची, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, प्रत्येकी १५च्या तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. शस्त्रक्रियेची वाट पाहणारे हे सर्व पुन्हा धावू लागले. पुढे डेन्मार्कमध्ये जड वजनाच्या, पण सावकाश आणि आठवड्यातून तीनच दिवस करायच्या व्यायामानेही तितकाच गुण येतो असे दिसले. विश्रांतीने दुखणे झाकले जाते, मोजून दिलेल्या ओझ्याने कंडरा सुधारते, हा विचार आता फिजिओथेरपीत रुळला आहे. या दुखण्याकडे दुर्लक्ष केल्याची किंमत व्यावसायिक खेळाडूंनाही चुकवावी लागते. २०२३च्या विश्वचषकात सात सामन्यांत २४ बळी घेणारा मोहम्मद शमी ती स्पर्धा दुखऱ्या घोट्याने खेळला. फेब्रुवारी २०२४मध्ये त्याला घोडशिरेवर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली आणि तो कित्येक महिने मैदानाबाहेर राहिला.

व्यायामानंतर दोन दिवस पोटऱ्या जड वाटणे, जिना उतरताना कळ येणे हे स्वाभाविक आहे. पण काही लक्षणांना ‘व्यायामाचे दुखणे’ म्हणून सोडून देऊ नये. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखू लागली, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. अशा पोटरीला मालिश करू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर तातडीने रुग्णालयात जावे. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत कळ येते आणि थांबल्यावर काही मिनिटांत जाते, असे वारंवार होत असेल तर पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्याची शक्यता असते. तंबाखू ओढणाऱ्यांनी आणि मधुमेहींनी ही खूण ओळखायलाच हवी. मागून कुणी काठी मारल्यासारखा अचानक फटका बसून टाच उचलता येईनाशी झाली, तर कंडरा तुटलेली असू शकते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातील प्रतिजैविकांनी कंडरेला इजा होण्याचा धोका वाढतो. ती चालू असताना टाचेच्या वर दुखू लागले तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना सांगावे. रात्री पोटरीत गोळा येतो तेव्हा गुडघा सरळ ठेवून पायाची बोटे आपल्याकडे ओढावीत. त्यासाठी मॅग्नेशियमच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांना त्याचा विशेष फायदा होत असल्याचे अभ्यासांत दिसलेले नाही.

बागेत एक पायरी, शिबिरात एक मोजपट्टी

वैयक्तिक सल्ल्याने सर्व काही भागत नाही. दवाखान्यात मधुमेही किंवा वृद्ध रुग्णाला ‘चालत जा’ असे आवर्जून सांगितले जाते. ‘आठवड्यातून दोनदा पायरीवर टाचा उचला’ असे मात्र क्वचितच. महापालिका बागांत खुल्या व्यायामशाळा उभारतात. तिथल्या झुलत्या यंत्रांवर हातपाय हलतात, पण बहुतेक यंत्रांना ओझे वाढवण्याची सोयच नसते. त्याच बागेत चार इंच उंचीची, न घसरणारी पायरी आणि तिला दोन्ही बाजूंनी पक्का कठडा बसवला, तर एका यंत्राच्या खर्चात अनेकांची सोय होईल. ज्येष्ठ नागरिक संघांच्या सकाळच्या कार्यक्रमांत प्राणायाम आणि हास्याबरोबर ताकदीची दहा मिनिटे का नसावीत? शाळेतील कवायतीच्या तासाला मुलांना पायरीवर सावकाश टाच उचलायला शिकवायला एक पैसाही लागत नाही.

आरोग्य शिबिरांत रक्तदाब आणि साखर मोजतात, तशी पोटरीही मोजावी. वयानुसार होणाऱ्या स्नायूक्षयाचा अभ्यास करणाऱ्या आशियाई तज्ज्ञ गटाने २०१९मध्ये प्राथमिक चाळणीसाठी एक साधा निकष दिला. पोटरीचा सर्वांत जाड ठिकाणचा घेर पुरुषांत ३४ सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर पुढील तपासणी करावी. सूज किंवा लठ्ठपणा असेल तर हा आकडा फसवू शकतो. म्हणून जोडीला दुसरी चाचणीही घ्यावी. भिंतीला बोटांचा हलका आधार घेऊन, गुडघा सरळ ठेवून एका पायावर टाच पूर्ण किती वेळा उचलता येते, ते मोजायचे. निरोगी तरुणाला साधारण २५ वेळा जमावे, असा दंडक तपासणीत वापरला जातो. वयाबरोबर आकडा उतरतो आणि त्यात काही गैर नाही. पण पन्नाशीच्या माणसाला पाचच वेळा जमत असेल, किंवा उजव्या-डाव्या पायांत मोठा फरक असेल, तर ती वेळीच मिळालेली सूचना आहे. ज्यांचा तोल जातो त्यांनी ही चाचणी एकट्याने करू नये.

आषाढीला लाखो वारकरी आळंदी-देहूहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालतात. त्यांत सत्तरी ओलांडलेल्यांची संख्या मोठी असते. त्यांतले बहुतेकजण आयुष्यभर शेतात राबलेले असतात. डोक्यावर भारे, उकिडवे बसून खुरपणी, बांधावरची चढउतार यांनी त्यांच्या पोटऱ्या न मागता घडत गेल्या. शहरातल्या आणि आता खेड्यातल्याही नव्या पिढीच्या आयुष्यातून हे ओझे गेले आहे. ते गेले हे बरेच झाले, कारण त्या कष्टांत सुख नव्हते. पण शरीराला लागणारा त्यातला वाटा आता ठरवून, मोजून, स्वतःहून द्यावा लागेल. घरातल्या जिन्याची शेवटची पायरी, कठड्यावर एक हात आणि आठवड्यातून दोन दिवस पंधरा मिनिटे, एवढ्यावर त्याची सुरुवात आजच होऊ शकते.